अंगावर काढलेली दुखणी आणि युनियनची पावती

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना नाव विचारतात, वय विचारतात, पत्ता विचारतात. काम काय करता, हे सहसा कुणी विचारत नाही. मी वॉर्डात नर्स होते तेव्हा ड्रेसिंगच्या टेबलावर हा प्रश्न मुद्दाम विचारायचे, कारण उत्तरात अर्धं निदान असायचं. पायाच्या बोटांत चिखल्या होऊन चालता येत नाही, तो माणूस नालेसफाईवरचा. तळहाताला काच लागून हात पिकलेला, ती कचरा वेचणारी किंवा सोसायटीचा ओला-सुका कचरा वेगळा करणारी ताई. लघवीला सारखी जळजळ, पोटात दुखतं, ती रस्ता झाडणारी. पहाटेपासून दुपारपर्यंत जवळ शौचालय नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. महिनाभर खोकला आणि वजन उतरलेलं, तो कचऱ्याच्या गाडीवरचा.

डॉक्टर सांगतात ते बरोबरच असतं. पाय कोरडे ठेवा. हातमोजे घाला. पाणी भरपूर प्या. पंधरा दिवस आराम करा. पण यातली एकही गोष्ट मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. आराम म्हणजे पगारी रजा. कोरडे पाय म्हणजे गमबूट. पाणी पिणं म्हणजे हजेरीच्या चौकीवर संडास आणि पिण्याच्या पाण्याचा नळ. ठेकेदाराकडे एकटी बाई हे मागायला गेली तर उत्तर ठरलेलं असतं, ‘उद्यापासून येऊ नको.’ मग ती दुखणं अंगावर काढते, आणि आपल्याकडे येते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर युनियनबद्दल लिहिते आहे. कुणाला वाटेल, हा विषय राजकारणाच्या पानावरचा. पण आपल्या देशात कामगारांनी पहिल्यांदा एकत्र येऊन ज्या मागण्या लिहून काढल्या, त्या वाचल्या तर त्या निम्म्या आरोग्याच्याच दिसतात.

१८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं. लोखंडे सत्यशोधक, जोतिराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी बाँबे मिल हॅण्ड्स असोसिएशन स्थापन केली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्या-अंगठ्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या अशा : आठवड्यातून रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्य मावळेपर्यंतच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि शेवटची मागणी ही की कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटाची सोय. आज ज्याला आपण ‘कामावरचा अपघात’ म्हणून भरपाई मागतो, त्याची मागणी एकशे चाळीस वर्षांपूर्वी अंगठा उठवणाऱ्या माणसांनी केलेली आहे.

ती लगेच मिळाली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली. त्यात दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. रविवारी घरी बसून आपण मटण शिजवतो, मुलांना घेऊन बाहेर पडतो, ती सुट्टी कुणा साहेबाने दयेने दिलेली नाही. लोखंडे पुढे मुंबईच्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. आरोग्याच्या कामातल्या माणसांनी त्यांचं नाव विसरावं असं नाही, पण नर्सिंगच्या तीन वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता एक कडू गोष्ट. युनियन झाली म्हणजे आपली माणसं त्यात आपोआप मोजली गेली असं घडलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त होता, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावणार, मग बाटवाबाटवी होणार! आपल्या लोकांना कमी पगाराच्या रिंग खात्यातच ठेवलं गेलं. नर्स म्हणून मला यात दुसरंच दिसतं. एका तोंडातला धोटा दुसऱ्या तोंडात, आणि आजूबाजूला सगळीकडे कापसाची तूस. क्षय पसरायला आणखी काय हवं? ती पद्धत सगळ्यांच्याच जिवाला घातक होती. पण आक्षेप घेतला गेला तो जातीचा, रोगाचा नाही.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारलं की सगळी खाती आमच्या लोकांना खुली करण्याची मागणी तुम्ही तुमच्या मागण्यांत घेणार की नाही? घेणार नसाल तर आमच्या माणसांनी तुमच्याबरोबर का यावं? नाखुशीने का होईना, ती मागणी घ्यावी लागली. हे मी मुद्दाम सांगते, कारण वस्तीत दोन टोकांचं ऐकू येतं. एक म्हणतात, युनियन म्हणजे लाल बावटेवाल्यांचं काम, आपला काय संबंध. दुसरे म्हणतात, युनियनमध्ये जातीचं काढू नका. बाबासाहेबांनी यातलं काहीच मानलं नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतलं वास्तवही मांडलं. आपला माणूस आयुष्यभर गँगमन राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि तिथे विटाळ आडवा येतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली जो पक्ष काढला त्याचं नावच स्वतंत्र मजूर पक्ष. मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांचीही त्यांनी संघटना उभी केली. झाडू, कचरा, गटारं ही कामं करणाऱ्यांत आपली माणसं तेव्हाही मोठ्या संख्येने होती. १९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचं बिल आणलं. संपावर इतकी बंधनं घातली की संप करणाऱ्याला तुरुंगात टाकता यावं. बाबासाहेब कायदेमंडळात त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. काम सोडणं हा फार तर कराराचा भंग, तो गुन्हा कसा? माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावायचं आणि नाही केलं तर शिक्षा द्यायची, याला गुलामी म्हणतात. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. पोलिसांनी गोळीबार केला. बिल तरीही मंजूर झालं.

बाळंतपणाच्या रजेचा इतिहास तर प्रत्येक घरात सांगावा असा आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात गिरणीतल्या स्त्रियांना बाळंतपणात पगारी विश्रांती देण्याचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा बोजा तिच्या एकटीवर पडू नये, अशी त्यांची बाजू होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला, देशातला पहिला. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात खाणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या कायद्यात सुधारणा झाली, कारखान्यांत आठवड्याचे चौपन्न तास कमी करून अठ्ठेचाळीस करण्याचा कायदा झाला, म्हणजे आठ तासांचा दिवस. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला प्रा. अडारकर यांना नेमलं तेही याच खात्याने. त्यांच्या अहवालातून १९४८ चा राज्य कर्मचारी विमा कायदा आला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच.

आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, अशी सक्ती करणारं बिल बाबासाहेबांनी १९४३ मध्ये मांडलं होतं. ती दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली, पण अमलात कधीच आणली गेली नाही.

ईएसआयबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आपल्या वस्तीत पगारातून पैसे कापले जातात आणि कार्डाचा पत्ताच नसतो, अशी घरं मी मोजून थकले. महिन्याला एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला ही योजना लागू होते. कामगाराच्या पगारातून शेकडा ०.७५ आणि मालकाकडून ३.२५ असा वाटा जातो. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात अठ्ठ्याहत्तर दिवस भरले असतील तर आजारपणात वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. क्षयरोगासारखा लांबणारा आजार असेल आणि नोकरी दोन वर्षं सलग असेल, तर ऐंशी टक्क्यांनी पुढेही दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. बाळंतपणाला सव्वीस आठवडे पूर्ण पगार. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत नव्वद टक्के, आणि त्यासाठी आधी किती दिवस भरले याची अट नाही.

आता यातली मेख बघा. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पोषणासाठी महिन्याला हजार रुपयेही खात्यावर येतात. तरी पेशंट औषध अर्धवट का सोडतो? कारण दुसऱ्या महिन्यात जरा बरं वाटलं की तो कामावर जातो, गेला नाही तर जागा जाते. सहा महिन्यांचं औषध आणि रोजंदारीची नोकरी यांची सांगड बसत नाही. ईएसआय असेल तर बसते. आणि ठेकेदाराच्या कामगाराला ईएसआय मिळवून देणारं माणूस सहसा डॉक्टर नसतं, युनियनचा कार्यकर्ता असतो.

मुंबईतच याचं मोठं उदाहरण आहे. महापालिकेच्या कचरा उचलण्याच्या कामात हजारो माणसं ठेक्यावर होती. काहींना तर कामगारसुद्धा म्हणत नसत, संस्थेचे ‘स्वयंसेवक’ म्हणत. स्वयंसेवक म्हटलं की किमान वेतन नाही, रजा नाही, मोजे नाहीत. ठेकेदार काही महिन्यांनी बदलायचा, म्हणजे कुणाचे दोनशे चाळीस दिवस सलग भरू नयेत. कचरा वाहतूक श्रमिक संघाने या लोकांना संघटित केलं. आधी पिण्याचं पाणी, मग गमबूट, मग किमान वेतन, आणि मग कायम करण्याचा दावा, असा तो लढा कोर्टात वर्षानुवर्षं चालला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला, हायकोर्टाने तो उचलून धरला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सुप्रीम कोर्टानेही. त्यातली पुष्कळ माणसं बौद्ध आणि मातंग वस्त्यांमधली.

निकालानंतरही सगळ्यांचं काम लगेच झालं नाही. यादीतल्या नावाचं स्पेलिंग आणि आधार कार्डावरचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून कित्येकांना लटकवून ठेवलं गेलं. तेव्हा ताई, आज एक काम कराच. आधार, बँकेचं पासबुक, हजेरी कार्ड, ईएसआय आणि पीएफ या सगळ्यांवर तुमचं नाव एकसारखं आहे का, ते मुलीला शेजारी बसवून तपासा.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. डॉ. बाबा आढाव यांनी हमालांमध्ये जे केलं होतं, त्याचा आधार तिथे होता. हमालांच्या बाबतीत तर शंभर किलोचं पोतं पाठीवरून पन्नास किलोवर आणणं हीच केवढी वैद्यकीय सुधारणा! मणक्याच्या कुठल्या ऑपरेशनने इतक्या पाठी वाचवल्या असतील? कचरा वेचणाऱ्या बायांना पंचायतीने आधी ओळखपत्र मिळवून दिलं. ओळखपत्र गळ्यात असलं की पोलीस चोर म्हणून हटकत नाही, सोसायटीचा वॉचमन अंगावर येत नाही. मग महापालिकेकडून आरोग्य विमा, आणि २००८ मध्ये त्यांची स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. मालक कोण हेच ठरत नाही अशा कामातसुद्धा संघटना होते, हे त्यांनी दाखवलं. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी तर त्याच्याही आधी, १९८० मध्ये, पुण्यात पगारवाढ आणि पगारी सुट्टीसाठी संप केला होता. घरेलू कामगारांसाठी राज्याचा कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं.

अलीकडचं उदाहरण आपल्या आशा ताईंचं. वस्तीत तापाचे पेशंट शोधणारी, गरोदर बाईला दवाखान्यात नेणारी आशा स्वतः मात्र ‘स्वयंसेविका’. शब्द बघा, पुन्हा तोच! २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशा मुंबईत आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसल्या, आणि मार्चमध्ये त्यांच्या मानधनात पाच हजारांची वाढ मान्य झाली. ज्यांनी तेव्हा ‘आरोग्यसेवा वेठीला धरली’ म्हणून नाकं मुरडली, त्यांना मी एवढंच विचारते की तुमच्या घरी बाळंतीण असताना रात्री दोन वाजता कोण आलं होतं?

सगळं चांगलंच आहे असं नाही. काही युनियनचे पुढारी ठेकेदाराच्याच गाडीतून फिरतात, हे आपण डोळ्यांनी बघतो. बायांची संख्या जास्त आणि स्टेजवर खुर्चीत सगळे पुरुष, हेही बघतो. आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप, सुमारे अडीच लाख कामगारांचा, कसा संपला हे लालबाग-परळ आणि वरळी-नायगावच्या घरांना सांगायला नको. तेव्हा सभासद होण्याआधी विचारावं. नोंदणी क्रमांक काय? वर्गणीची पावती मिळते का? वर्षाला सभा होते का, हिशोब वाचून दाखवतात का? कमिटीत बाया किती? पावती न देणाऱ्याला वर्गणी देऊ नये.

सात जण एकत्र आले तर युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो, हे १९२६ च्या कायद्यापासून आहे. मोठ्या आस्थापनेत मात्र त्याशिवाय दहा टक्के किंवा शंभर कामगार, यातलं जे कमी असेल तेवढे सभासद लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची सक्ती आहे आणि वर्षाला मोफत आरोग्य तपासणीची तरतूदही आहे. ती मागून घ्या. पण त्याच संहितेत संपाला कुठल्याही उद्योगात आधी चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जातो. १९३८ च्या बिलावरचं बाबासाहेबांचं भाषण या वर्षीच्या जयंतीला वाचून दाखवायला हरकत नाही.

पावसाळा जवळ आला की सफाईवर जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगाव्याच लागतात. कचऱ्यातली सुई टोचली तर जखम पिळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याचं औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग नाही. कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस आधीच घेतलेली हवी. तुंबलेल्या पाण्यात काम केलं असेल, पायाला जखम असेल, तर लेप्टोचं प्रतिबंधक औषध डॉक्टरांना विचारून बहात्तर तासांच्या आत घ्या. गरोदर बाई असेल तर तसं आधी सांगा, तिचं औषध वेगळं असतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा. आणि मॅनहोलमध्ये उतरायला कुणी सांगितलं तर उतरू नका. २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला तीस लाखांची भरपाई द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं आहे. गेलेला माणूस त्याने परत येत नाही.

मोजे, गमबूट, साबण, रेनकोट, लसीकरण आणि हजेरी चौकीवर बायांसाठी वेगळा संडास, एवढं एका कागदावर लिहा. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, एकीची नको. ठेकेदाराला एक प्रत, वॉर्ड ऑफिसला एक. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका, आणि शिक्क्याची ती प्रत घरात मुलांच्या दाखल्यांसोबत ठेवा.